संघातल्या मुलाला कॅन्सर झालाय: क्रीडा मंडळानं निधी कसा उभा करावा

कबड्डी मंडळातल्या एखाद्या पोराला रक्ताचा कॅन्सर निघाल्याचं सकाळी कळतं आणि दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो, वडिलांचा मोबाईल नंबर आणि 'जमेल तेवढी मदत करा' असा मजकूर फिरायला लागतो. तळमळ खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण या पहिल्या चार दिवसांत घाईनं जे होतं, ते पुढची दोन-तीन वर्षं त्या घराला निस्तरावं लागतं. म्हणून हे टप्पे लिहून काढले आहेत. उदाहरण कबड्डीचं घेतलं आहे. क्रिकेट, फुटबॉल, खो-खोवाल्यांनी आपापल्या मैदानाला बेतून घ्यावं.

एक गोष्ट सगळ्यांनी आधी समजून घ्या. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अ‍ॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले काही महिने जोराची केमोथेरपी, सारखं अ‍ॅडमिट होणं. मग घरी राहून गोळ्या आणि ठरलेल्या तारखांना तपासणी. उपचार वेळेवर सुरू झाले आणि पूर्ण झाले, तर बहुतेक मुलं बरी होतात. आपल्याकडे अडतं ते 'पूर्ण झाले' इथं. घर दूर, मुंबईत राहायला जागा नाही, बापाचा रोज बुडतो, आणि उपचार मध्येच सुटतात. तेव्हा मंडळाचं काम एका दिवसात मोठा आकडा गाठण्याचं नाही. उपचाराची एकही तारीख पैशापायी चुकू नये, हे मंडळाचं काम आहे. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

१. आधी घरच्यांकडे जा

दोघांनी जावं. एक प्रशिक्षक आणि दुसरी, शक्यतो, संघातल्याच एखाद्या मुलाची आई. मदतीचा आकडा बोलायच्या आधी एवढं विचारा: मुलाला आजाराचं नाव सांगितलंय का? गावात कितपत कळलेलं चालेल? फोटो द्यायचा का? कधीकधी आई सांगते, "त्याला फक्त रक्त कमी झालंय म्हणून सांगितलंय." अशा घरातल्या मुलाचा फोटो 'कॅन्सरग्रस्त' या शब्दासह चौकात लागला, तर काय होईल याचा विचार करा. अकरा-बारा वर्षांची पोरं मोबाईल बघतात.

केस गेलेला, सलाईन लावलेला फोटो कधीही वापरू नका. त्यानं जास्त पैसे येतात असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. घरच्यांची आणि मुलाची हरकत नसेल, तर संघाच्या जर्सीतला फोटो वापरा. नाहीतर फोटोशिवाय, नावाशिवाय आवाहन करा. तालुक्यात मंडळाची पत असेल, तर तेवढ्यावर लोक देतात. घरच्यांनी ज्याला संमती दिली, ते कागदावर लिहून त्यांची सही घ्या.

२. खर्चाचा कागद मिळवा आणि योजना तपासा

हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक मागा. त्यानंतर लगेच हॉस्पिटलच्या सामाजिक कार्यकर्त्यांना भेटा. मुलाच्या उपचारासाठी कोणकोणते हात पुढं येऊ शकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. वर्गणीचं पहिलं पावती पुस्तक या भेटीनंतर छापा.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून ती चालते आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात होतात. योजनेतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठा. ही योजना कॅशलेस आहे. आधी रोख भरून मागून पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका, कागद पहिल्यांदा करा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यासही वैद्यकीय मदत देतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये लहान मुलांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशन काम करतं. पैशाबरोबर राहणं, खाणं, समुपदेशन यांतही ते लक्ष घालतात.

एवढं झालं की मंडळाला भरायचं खरं भगदाड दिसतं, आणि बऱ्याचदा ते औषधांचं नसतं. मुंबईतली खोली, प्रवास, बाहेरच्या लॅबच्या तपासण्या, आईबापांचं जेवण, बुडालेली मजुरी, घरी मागे राहिलेली धाकटी बहीण. यालाच कुठली योजना पुरी पडत नाही.

राहण्याचा प्रश्न पैसे न घालताही सुटू शकतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती कितीतरी वर्षं बाहेरगावच्या रुग्णांची सोय करतात. कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स मोफत खोली देतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला तिथं ७५ टक्के सवलत मिळते. हॉस्पिटलमधून त्या फॉर्मवर सही-शिक्का तेवढा घ्यावा लागतो. एखाद्या पोरानं मंडळातर्फे ही कागदपत्रं करून दिली, तरी चांगल्या वर्गणीइतकं काम होतं.

३. पैसा कुठल्या खात्यात येणार

वाद होतात ते इथंच. सर्वांत चांगली वाट म्हणजे रक्कम थेट हॉस्पिटलमध्ये, रुग्णाच्या केस नंबरवर भरणं. टाटात रुग्णाचं स्मार्ट कार्ड असतं, त्यात पैसे भरता येतात. दुसरी वाट नोंदणीकृत ट्रस्टची. ट्रस्टकडे ८०-जी (देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता) असेल, तर देणाऱ्याला करसवलत मिळू शकते. मात्र २,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास ती मिळत नाही, हे दुकानदारांना आधीच सांगा. तिसरी वाट वडिलांच्या खात्याची. खोलीभाडं आणि जेवणासाठी ती लागतेच. पण नात्यातले नसलेल्या लोकांकडून वर्षभरात ५० हजारांहून जास्त रक्कम व्यक्तीच्या खात्यात आली, तर आयकराच्या दृष्टीनं ती उत्पन्न धरली जाऊ शकते. ओळखीच्या सीएला अर्धा तास मागा.

प्रशिक्षकाच्या किंवा अध्यक्षाच्या खासगी क्यूआरवर पैसे घेऊ नका. माणूस कितीही सचोटीचा असो, सहा महिन्यांनी बोट त्याच्याकडेच वळतं. दोन सह्यांचं खातं उत्तम, फक्त त्यावर बहुतेक बँका यूपीआय देत नाहीत. त्यामुळे पैसे यायची सोय कशी करायची ते बँकेत बसून आधी ठरवा.

मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट नसेल, तर गणपतीच्या वर्गणीआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून कलम ४१-क खाली परवानगी घेतात, तशी इथंही घ्या. परदेशातल्या गावकऱ्यांच्या बाबतीत एक काळजी घ्या. भारतीय पासपोर्टवाला आपल्या कमाईतून देऊ शकतो. ज्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे मंडळाच्या खात्यात घेतले, तर परदेशी देणग्यांचा कायदा लागू होतो. त्याला हॉस्पिटलच्या किंवा तशी परवानगी असलेल्या संस्थेच्या खात्याकडे पाठवा.

मिलाप, केटो अशा ऑनलाइन मदत गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर आवाहन टाकणार असाल, तर शुल्काच्या अटी वाचा. पैसे भरताना 'टीप'चा आकडा आधीच भरलेला दिसू शकतो. तो कमी किंवा शून्य करता येतो का, हे बघून देणाऱ्यांना सांगून ठेवा.

४. आवाहन लिहा

लहान लिहा. रडवायचा प्रयत्न नको. नमुना असा:

'आपल्या मंडळाच्या किशोर गटातल्या एका खेळाडूवर मुंबईत कॅन्सरचे उपचार सुरू आहेत. औषधोपचाराचा बराच भाग शासकीय योजनेतून होतो आहे. राहणं, प्रवास आणि तपासण्यांसाठी पुढची दोन वर्षं दरमहा साधारण एवढी रक्कम लागेल. पैसे खालील खात्यातच भरावेत. दर महिन्याच्या ५ तारखेला हिशेब याच ग्रुपवर येईल. कृपया कुटुंबाला फोन करू नये; चौकशीसाठी मंडळाचे खजिनदार.'

शेवटचं, फोन न करण्याचं वाक्य फार मोलाचं आहे. वॉर्डात पोराला उलट्या होत असताना बापाला दिवसभर 'काय झालं नक्की?' असे फोन घ्यावे लागू नयेत.

५. स्पर्धा भरवा, पण तिचा खर्च बाहेरून काढा

मदतीची स्पर्धा बऱ्याचदा बरोबरीत सुटते: मंडप, लाईट, मॅटचं भाडं, रोख बक्षिसं यातच सगळं जातं. समजा १६ संघ आले आणि प्रवेश फी १,००० रुपये ठेवली, तर हातात १६,००० आले. एका रात्रीच्या प्रकाशझोतातच ते उडतील. म्हणून सामने दिवसा घ्या. शाळेचं मैदान, शेजारच्या मंडळाची मॅट, डेकोरेटरचा मंडप हे पैशाऐवजी वस्तूरूपानं मागा. जिल्हा संघटनेच्या पंचांना एक दिवस मानधनाशिवाय येण्याची विनंती करा. रोख बक्षीस ठेवूच नका. ढाल आणि प्रमाणपत्र पुरे.

खरी रक्कम येते माजी खेळाडूंकडून, नाक्यावरच्या व्यापाऱ्यांच्या फलकांतून आणि मैदानावरच्या वडापाव-मिसळीच्या स्टॉलवरून. आणखी एक युक्ती चांगली चालते: गुणामागे पैसे. एखादा दुकानदार कबूल होतो, 'अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या प्रत्येक गुणामागे दहा रुपये.' साठेक गुण झाले तर त्याचे सहाशे. असे वीस जण मिळाले की बारा हजार. शिवाय चढाईपटू बोनस रेषेकडं झेपावला की गुणलेखकाच्या टेबलाभोवती गर्दी होते, कारण आता प्रत्येक गुण कुणाच्या तरी खिशातून येणार असतो.

पोरांच्या हातात डबा देऊन त्यांना सिग्नलवर किंवा दारोदार पाठवू नका. गुणफलक सांभाळणं, पाणी देणं, पावतीवर नाव लिहिणं ही कामं त्यांची. आणि लकी ड्रॉ नको. विनापरवाना सोडत काढणं कायद्यात बसत नाही.

स्पर्धेच्या दिवशी रक्तदान शिबिर ठेवायची पद्धत आहे. ठेवा. पण केमो चालू असलेल्या मुलाला प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वारंवार लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. एका दिवशी शंभर बाटल्या जमवण्यापेक्षा, बोलावल्यावर चार तासांत हॉस्पिटलला पोचतील अशा दात्यांची यादी जास्त उपयोगी. गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असेल, तर हे काम त्यांच्याकडे सोपवा: १८ वर्षांपुढच्या माजी खेळाडूंची नावं, रक्तगट, राहण्याचं ठिकाण, रात्रपाळी आहे की नाही. लालबागला किंवा शिवडीला राहणारा एक धडधाकट दाता गावाकडच्या दहा दात्यांच्या आधी पोचतो.

६. हिशेब

स्पर्धेच्या रात्रीच, मैदान सोडायच्या आधी, दोघांनी पैसे मोजावेत. त्यातला एक मंडळाबाहेरचा, उदाहरणार्थ शाळेचे मुख्याध्यापक. कागदावर दोन्ही सह्या, आणि तो कागद ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. क्यूआरचा फलक दर तासाला स्वतःच्या मोबाईलवर स्कॅन करून खात्याचं नाव बघा. वर दुसरा स्टिकर चिकटवायचे प्रकार होतात.

दर महिन्याचा हिशेब चार ओळींचा पुरे: मागची शिल्लक, जमा, खर्च, उरलेली रक्कम. खर्च 'निवास', 'प्रवास', 'तपासण्या' अशा मथळ्यांखाली द्या. आईनं दोन किलो सफरचंदं घेतली का, मुलाला नवा मोबाईल कुठून आला, यावर ग्रुपवर चर्चा सुरू झाली तर खजिनदारानं तिथंच थांबवावी. मदत घेतली म्हणून घर लोकांच्या तपासणीला खुलं होत नाही.

७. पहिल्या उत्साहानंतरची दोन वर्षं

चौथ्या-पाचव्या महिन्यात ग्रुप थंड पडतो. त्यासाठी सुरुवातीलाच पंचवीस-तीस माजी खेळाडूंकडून दरमहा १०० किंवा २०० रुपये बँकेतून आपोआप वळते करून घ्या. मोठ्या स्पर्धेपेक्षा हा झरा जास्त दिवस पुरतो.

पैशाबाहेरची तीन कामं लावून द्या. पहिलं, रात्रीची गाडी. केमो चालू असलेल्या मुलाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर सकाळची वाट बघायची नसते, लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं. कुठल्या आठवड्यात कुणाची गाडी, ते लिहून त्यांच्या घरी लावा. दुसरं, भेटीचे नियम. सर्दी-खोकला असलेल्यानं जाऊ नये. संघातल्या कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, आणि तो नुकताच या मुलाला भेटला असेल, तर त्याच दिवशी आईवडिलांना कळवा. या मुलांना कांजिण्या जिवावर बेतू शकतात आणि डॉक्टरांना वेळेत कळलं तर ते औषध देऊ शकतात. तिसरं, मुलाचं संघातलं स्थान. यादीतून नाव काढू नका, जर्सीचा नंबर दुसऱ्याला देऊ नका. बरं वाटेल त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याला गुणलेखन करू द्या. पुन्हा मॅटवर उतरवायची घाई मात्र नको. छातीत केमोपोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेलं छोटं उपकरण) असताना कबड्डीची पकड धोक्याची असते. कधी खेळायचं हे त्याचे डॉक्टर लेखी सांगतील.

८. पैसे उरले तर

हा ठराव पहिल्या बैठकीतच लिहा, कारण नंतर तो विषय काढणं फार अवघड जातं. उपचार संपल्यावरही काही वर्षं तपासण्या चालू राहतात. तेवढी रक्कम त्या मुलाच्या नावे राखून ठेवा. मूल गेलं, तर उरलेल्या पैशातून आधी घरावर झालेलं उपचाराचं कर्ज फेडायचं आणि बाकी त्याच हॉस्पिटलच्या बालरुग्ण निधीला द्यायचं, असं स्पष्ट नमूद करा. मंडळाच्या जर्सीला, मॅटला किंवा पुढच्या स्पर्धेला यातला रुपयाही वळवायचा नाही, ही ओळ ठरावात असावी आणि त्याखाली सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या असाव्यात.