लिस्टेड कंपनीचं वार्षिक कंप्लायन्स: मुदत पाठ करण्याआधी दिवस कुठून मोजायचे ते बघा

सीएस (कंपनी सेक्रेटरी) एक्झिक्युटिव्ह पास होऊन लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत ट्रेनिंगला लागलेल्या, किंवा नुकतंच सेक्रेटरियल डिपार्टमेंटला जॉइन झालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. कंपनीज ॲक्ट २०१३ काय, सेबीचं एलओडीआर २०१५ (लिस्टेड कंपन्यांसाठीचे नियम) काय, हे तुम्ही परीक्षेत लिहून आलाय, त्यामुळे त्यात शिरत नाही. पण परीक्षेत एकेक कलम सुटं येतं आणि एप्रिल ते ऑक्टोबर ऑफिसमध्ये ती सगळी एकमेकांत गुंतून येतात, आणि मग वाटायला लागतं की आपल्याला काहीच येत नाही. मला पहिला पूर्ण सीझन असंच वाटत होतं, मीटिंगमध्ये कोणी माझ्याकडे बघून तारीख विचारली की पोटात गोळा यायचा, आणि खरं सांगायचं तर मे महिना आला की अजूनही येतो. तुम्हालाही तसं होत असेल तर तुमच्यात काही कमी आहे असं अजिबात समजू नका.

आता मुख्य मुद्दा. मला जॉइन झाल्या झाल्या मागच्या वर्षीची एक्सेल शीट दिली गेली, सगळ्या फायलिंगच्या तारखा त्यात होत्या, आणि सांगितलं की फक्त वर्ष बदल. हेच ते जाळं. मागच्या वर्षी एजीएम (शेअरहोल्डर्सची वार्षिक सभा) सप्टेंबरच्या शेवटी झाली होती, या वर्षी ऑगस्टमध्ये ठरली, आणि शीटमधल्या अर्ध्या तारखा एजीएमवर टांगलेल्या होत्या हे शीटमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. नुसती तारीख होती. ती कुठून मोजली ते नव्हतं.

त्यामुळे मुदत किती दिवसांची आहे हे पाठ करण्याआधी ती कशापासून मोजायची हे लिहून काढा. वर्षाच्या फायलिंगमध्ये हे दिवस चार वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजले जातात. काही ३१ मार्चपासून, काही बोर्ड मीटिंगपासून, काही एजीएमपासून, आणि काही एजीएमपासून उलटे मागे. हे चार गट शीटमध्ये वेगळे केलेत ना की निम्मी भीती तिथेच जाते.

३१ मार्चपासून मोजायच्या गोष्टी सोप्या, कारण त्या हलत नाहीत. एलओडीआरच्या रेग्युलेशन ३३ खाली वर्षाचे ऑडिटेड रिझल्ट्स ६० दिवसांत, म्हणजे ३० मे. इतर तिमाहींना ४५ दिवस असतात, ते इथे लावू नका. रेग्युलेशन २४ए खालचा ॲन्युअल सेक्रेटरियल कंप्लायन्स रिपोर्ट पण ६० दिवसांत, म्हणजे तोही ३० मे, आणि हा रिपोर्ट वेगळा, बोर्ड्स रिपोर्टला जोडायचा एमआर-३ या फॉर्ममधला सेक्रेटरियल ऑडिट रिपोर्ट वेगळा. दोन्हीत सेक्रेटरियल शब्द आहे म्हणून नवीन माणूस एक झाला की दुसरा झाला असं धरून चालतो. रिझल्ट्स उशिरा गेले तर एक्स्चेंज दिवसाला ५,००० रुपये दंड लावतं, त्यावर जीएसटी वेगळा. एजीएमची शेवटची तारीखही इथूनच ठरते, मार्केट कॅपने टॉप १०० मधली कंपनी असेल तर पाच महिने म्हणजे ३१ ऑगस्ट, बाकीच्यांना सहा महिने म्हणजे ३० सप्टेंबर.

बोर्ड मीटिंगपासून मोजायच्या गोष्टींत मिनिटं पण येतात. मीटिंग संपल्यापासून ३० मिनिटांत रिझल्ट्स एक्स्चेंजवर गेले पाहिजेत. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनंतर मीटिंग मार्केट बंद झाल्यावर संपली तर तीन तास मिळतात, पण दुपारी दोनला संपली तर अर्धा तासच, म्हणून मीटिंग संपल्याची वेळ मनगटावरचं घड्याळ बघून तुम्ही स्वतः लिहून घ्या, ती पत्रात टाकावी लागते. पीडीएफ आधीच तयार ठेवा, ऑडिटरचा रिपोर्ट, त्याचं मत अनमॉडिफाइड (कुठलीही हरकत न घेतलेलं) असेल तर तसं डिक्लरेशन, सगळं एका फोल्डरमध्ये. आणि हे लोक विसरतातच: बोर्डाने अकाउंट्स मंजूर केले की एमजीटी-१४ (ठराव सरकारकडे नोंदवायचा फॉर्म) पण लागतो, ३० दिवसांत. २० मेला मंजूर झाले तर १९ जून. बोर्ड्स रिपोर्ट जर जुलैच्या वेगळ्या मीटिंगमध्ये मंजूर झाला तर त्याचा एमजीटी-१४ वेगळा, त्या मीटिंगपासून मोजून.

आता एजीएम. समजा १२ ऑगस्टला एजीएम आहे. नोटीस २१ क्लिअर डेज, म्हणजे पाठवल्याचा दिवस धरायचा नाही आणि मीटिंगचा दिवसही धरायचा नाही. बोटांवर मोजा: ११ ऑगस्टपासून मागे जात २२ जुलैपर्यंत बरोब्बर २१ दिवस होतात, म्हणजे ईमेल जास्तीत जास्त उशिरा २१ जुलैला गेले पाहिजेत. पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवणार असाल तर सेक्रेटरियल स्टँडर्ड २ प्रमाणे आणखी दोन दिवस, म्हणजे १९ जुलै. आणि रेग्युलेशन ३४ म्हणतं की ॲन्युअल रिपोर्ट शेअरहोल्डर्सना पाठवायला सुरुवात होईल त्याच दिवसापर्यंत तो एक्स्चेंजला सबमिट झालेला आणि वेबसाइटवर लागलेला हवा. म्हणजे डीटीपीवाल्याकडून फायनल फाइल येणं, आरटीएकडून (शेअरहोल्डर्सची नोंद ठेवणारी एजन्सी) ईमेलची यादी येणं, एक्स्चेंजवर अपलोड, वेबसाइट, हे सगळं त्या एका दिवसावर येऊन पडतं. ज्यांचे ईमेल नाहीत त्यांना रिपोर्टची वेबलिंक देणारं पत्र जातं, तेही तेव्हाच. रिमोट ई-व्होटिंगची कट-ऑफ डेट (मत कोणाला देता येईल हे ठरवणारी तारीख) मीटिंगच्या सात दिवसांपेक्षा आधीची चालत नाही, म्हणजे ५ ऑगस्टच्या आधीची नाही, आणि व्होटिंग किमान तीन दिवस चालू राहून आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद.

रजिस्टर्ड ऑफिस महाराष्ट्रात असेल तर एजीएमची जाहिरात इंग्रजी पेपरासोबत मराठी पेपरातही द्यावी लागते, एजीएमच्या किमान २१ दिवस आधी. मराठी प्रूफ तुम्हीच वाचायला मागून घ्या. वरचे लोक इंग्रजी प्रूफ चारदा वाचतात आणि मराठीवर नुसती सही करतात, आणि कट-ऑफ डेट किंवा व्होटिंगची वेळ मराठीत चुकली तर ती नोटिशीतलीच चूक आहे, गावाकडचा शेअरहोल्डर तेच वाचणार आहे.

आणि मग एजीएमनंतरचं, जिथे जुनी शीट फसवते. व्होटिंगचे निकाल दोन वर्किंग डेजमध्ये. एमजीटी-१५ (एजीएमचा रिपोर्ट) आणि एओसी-४ एक्सबीआरएल (अकाउंट्स, डिजिटल फॉरमॅटमध्ये) ३० दिवसांत, एमजीटी-७ (ॲन्युअल रिटर्न) ६० दिवसांत, तिन्ही ज्या दिवशी एजीएम खरोखर झाली त्या दिवसापासून. १२ ऑगस्टला एजीएम झाली तर ३० दिवस ११ सप्टेंबरला संपतात आणि ६० दिवस ११ ऑक्टोबरला. आमच्या शीटवर ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरचा शेवट लिहिलेला होता, कारण तिच्या मागे ३० सप्टेंबरची एजीएम होती, आणि इंटरनेटवर जी रेडिमेड कंप्लायन्स कॅलेंडर फिरतात ना तीही जवळजवळ सगळी ३० सप्टेंबरच धरून बनवलेली असतात. एओसी-४ ला उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये जादा फी, आणि तिला वरची मर्यादाच नाही. रक्कम कंपनीला जड नाही, पण पुढच्या वर्षी सेक्रेटरियल ऑडिटर तो उशीर रिपोर्टमध्ये लिहितो, आणि तो रिपोर्ट ॲन्युअल रिपोर्टमध्ये छापून सगळ्या जगासमोर जातो.

म्हणून माझं ठाम मत आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या चेकलिस्ट वापरू नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नको. सेबीच्या साइटवर एलओडीआरची शेवटच्या दुरुस्तीपर्यंतची कॉपी असते ती उतरवा, आणि स्वतःची शीट स्वतः बनवा, प्रत्येक ओळीत तीन रकाने, कलम, कशापासून, किती दिवस, आणि तारीख फॉर्म्युल्याने येऊ द्या. एजीएमची तारीख बदलली की बाकीचं आपोआप बदललं पाहिजे. २०२४ या एका वर्षातच किती गोष्टी बदलल्या बघा, रिझल्ट्सच्या बोर्ड मीटिंगची आगाऊ सूचना पाच दिवसांवरून दोन वर्किंग डेजवर आली, आणि जुन्या चेकलिस्ट अजून पाच दिवसच सांगतात.

मेंटरबद्दलही बोलते. मोठ्या पदावरचा सीएस शिकवेलच असं नाही, त्याला वेळ नसतो. मला जास्त शिकवलं ते आरटीएकडच्या एका ताईंनी आणि ॲन्युअल रिपोर्ट लावणाऱ्या डीटीपीवाल्या काकांनी, कारण त्यांनी शंभर कंपन्यांच्या चुका पाहिलेल्या असतात. त्यांच्याशी नीट बोला, फोनवर ओरडू नका. आणि जो सीनियर म्हणतो की कलम वाचत बसू नको, मी सांगतो तेवढं कर, त्याचं काम करा, पण कलम घरी जाऊन वाचाच.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. रिझल्ट्स जाहीर व्हायच्या आधी ते तुमच्या स्क्रीनवर असतात. तिमाही संपल्यापासून रिझल्ट्स जाहीर झाल्यावर ४८ तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे कंपनीचे शेअर्स घेता-विकता येत नाहीत, आणि तुमचं नाव पॅनसकट कंपनीच्या डिजिटल डेटाबेसमध्ये नोंदलेलं असतं. घरी नाही, मित्राला नाही, आईच्या डिमॅटवर नाही, दहा शेअर्स पण नाही. आमच्या बॅचला कोणी हे इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगतेय.

बाकी आकड्यांचं एवढंच, की चौथ्या तिमाहीचे आकडे हे पूर्ण वर्षाचे ऑडिटेड वजा नऊ महिन्यांचे जाहीर झालेले असे येतात, त्यामुळे ते जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, वजाबाकी करून बघा. रिझल्ट्स, ॲन्युअल रिपोर्ट आणि एक्सबीआरएल, तिन्हीकडे तोच आकडा आहे ना हे प्रिंट काढून टिक करत तपासा, स्क्रीनवर डोळे चुकतात.

आणि कंपनी टॉप १००० मध्ये असेल तर बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट) ॲन्युअल रिपोर्टचाच भाग आहे, त्याला वेगळी मुदत नाही, म्हणजे वरच्या उदाहरणात तोही २१ जुलैलाच तयार हवा. पाणी, वीज, कचरा, अपघात यांचे आकडे प्लांटवरून येतात आणि प्लांटवाल्यांना सेबीची घाई कळत नाही, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी आधी सांगितलेलंच नसतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेल टाका, फॉरमॅट जोडून, आणि जमलं तर एकदा स्वतः जाऊन ज्या माणसाकडे मीटरचं रजिस्टर आहे त्याला भेटून या.