कातळावर तंबूची खुंटी शिरत नसेल तर

इगतपुरी, वैतरणा, अंजनेरीच्या पठारांवर मुरुमाचा थर जेमतेम असतो. खाली काळा कातळ. ठोकलेली खुंटी वाकते आणि रात्री वारा सुटला की तंबू उपटतो. तिथे खुंट्या ठोकत बसूच नका, दगड वापरा.

१. तंबूच्या प्रत्येक ताणदोरीला मीटरभर जादा नायलॉन दोरी जोडा. नाशिकहून निघतानाच ३-४ मिमी जाडीची १० मीटर घ्या.
२. टोकाला नारळाएवढा दगड बांधून दोरी ताणा.
३. त्या दगडाला लागून, तंबूच्या बाजूने, दोरीवरच १०-१५ किलोचा दगड ठेवा. वारा ओढू लागला की लहान दगड मोठ्याला अडून बसतो. नुसता मोठा दगड बांधला तर गाठ निसटते किंवा धारेवर दोरी कापली जाते. ही पद्धत खरंच जास्त भरवशाची.

दोरी धारदार कडेवर घासत असेल तर खाली फडक्याची घडी घाला.

दगड थेट हाताने उचलू नका, आधी काठीने उलटा. खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. शेताच्या बांधाचे आणि गडाच्या तटाचे दगड मात्र अजिबात काढायचे नाहीत.