व्याकरण फळ्यावर उशिरा लिहा

इंग्रजीच्या नव्या शिक्षकाला रुजू झाल्या झाल्या स्टाफरूममध्ये दोन सल्ले मिळतात. पहिला, बारा टेन्सचा तक्ता पाठ करून घ्या, बाकी सगळं आपोआप येतं. दुसरा, व्याकरणाच्या नादी लागू नका, गाणी-खेळ घ्या, पोरं खूश राहतात. मी परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या बाजूला आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते आणि मला हे दोन्ही सल्ले पटत नाहीत. तक्ता पाठ असलेला मुलगा ‘प्ले’ची बारा रूपं घडाघडा लिहितो, पण ‘उशीर का झाला?’ असं इंग्रजीत विचारलं की खाली बघतो. आणि खेळाचं म्हणाल तर अर्धा तास नुसता दंगा होतो. जे रूप शिकवायचं ते कुणाच्या तोंडून एकदाही निघालेलं नसतं.

माझी पद्धत एका ओळीत सांगायची तर अशी: आधी मुलाला काहीतरी सांगावंसं वाटलं पाहिजे, मग त्याला हवं ते रूप द्यायचं, आणि नियम सगळ्यात शेवटी फळ्यावर. सांगायला सोपं आहे, करायला तयारी लागते.

आधी समोर कोण बसलंय ते बघा. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे आठवीतल्या मुलाने सात वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. इज, आर, वॉज, वेअर त्याला नवे नाहीत, ते कशासाठी वापरायचे हे मात्र त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. दुसरं असं की, वर्गातल्या सगळ्यांची घरची भाषा मराठी नसते. आमच्याकडे तांड्यावरून येणारी बंजारा मुलं घरी त्यांची गोरमाटी बोलतात, काही घरांत दखनी उर्दू चालते. त्यांच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी किंवा चौथी. अशा वर्गात प्रत्येक वाक्याचं पुस्तकी मराठीत भाषांतर करत बसलात तर काही मुलांना दोनदा नदी ओलांडावी लागते. मराठी वापराच, पण मुलं मैदानात बोलतात ती.

त्याच बोलीत कॉन्टिन्युअस टेन्स तयार बसलेला आहे. परभणी-नांदेडकडचं पोर ‘मी करत आहे’ म्हणत नाही, ‘मी करायलोय’ म्हणतं. ‘काय करायलास?’ ‘जेवायलोय.’ ‘माय कुठंय?’ ‘पाणी भरायलीय.’ लातूर-धाराशिवकडे ‘करलालो’ ऐकू येतं. आत्ता, या क्षणी चाललेलं काम आणि रोजचं काम यांतला फरक हे पोर चालायला लागल्यापासून करतं. ‘बाप रानात जातो’ आणि ‘बाप रानात जायलाय’ यांत ते कधी गोंधळत नाही. तेव्हा ‘क्रियापदाला आयएनजी लावा’ असं सांगायच्या आधी वर्गाला एवढंच विचारा की ‘जातो’ कधी म्हणता आणि ‘जायलोय’ कधी. उत्तर वर्गच देईल. मग एका मुलीला पुढे बोलवा, कानात एक काम सांगा, मुक्यानं करून दाखवायला लावा आणि विचारा, ‘व्हॉट इज शी डुइंग?’ कुणी म्हणेल भाकरी थापायलीय, कुणी म्हणेल कपडे धुवायलीय. अंदाज चुकत राहतात आणि त्या नादात ‘शी इज मेकिंग’, ‘शी इज वॉशिंग’ वर्गभर होतं. इथे खेळ चालतो, कारण ते रूप तोंडात आल्याशिवाय खेळच पुढे सरकत नाही. खेळ निवडताना मी हीच कसोटी लावते.

ही बोली एका ठिकाणी दगा देते, ते माहीत असू द्या. आपण ‘मला समजायलंय’, ‘भूक लागायलीय’ असंही म्हणतो, त्यामुळे मुलं ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नोइंग’ म्हणू लागतात. माहीत असणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं, या क्रियापदांना इंग्रजी सहसा आयएनजी लावत नाही. ही यादी वेगळ्या दिवशी द्या. त्याच दिवशी दिलीत तर दोन्ही गोष्टी हातातून जातात. तसंच ‘आलो आलो!’चं. हाक मारल्यावर आपण भूतकाळ वापरतो आणि अजून चपलाही घातलेल्या नसतात. इंग्रजीत त्याला ‘आय ॲम कमिंग’ लागतं. हे उदाहरण वर्गात फार रंगतं.

आर्टिकल्सना नवे शिक्षक घाबरतात, कारण मराठीत ती नाहीत. मला ती शिकवायला आवडतात. ‘एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्या वाक्यात ‘एक’ कशाला? ऐकणाऱ्याला राजा अजून माहीत नाही म्हणून. दुसऱ्या वाक्यात ‘एक’ गेला, कारण आता कोणता राजा ते कळलं. इंग्रजी पहिल्या जागी ‘अ किंग’ म्हणतं आणि दुसऱ्या जागी ‘द किंग’. आठवीच्या मुलांना गावातल्याच एखाद्या चोराची, भुताची किंवा हरवलेल्या शेळीची गोष्ट रचायला सांगा आणि प्रत्येक नामापुढे एकच प्रश्न विचारा: ऐकणाऱ्याला हे आधीच माहीत आहे का? नद्या, पर्वतरांगा, वर्तमानपत्रं यांच्यापुढे ‘द’ येण्याचे नियम नंतर हळूहळू येऊ द्या. आणि ‘ॲन’ अक्षर बघून लागत नाही, आवाज ऐकून लागतो. ‘ॲन अवर’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’ ही जोडी कानाने शिकवा, फळ्याकडे पाठ करून.

आता प्रेझेंट परफेक्टबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच तक्ता सगळ्यात जास्त फसतो. ‘हॅव’ अधिक तिसरं रूप, हे मुलांना पाठ असतं, पण कधी वापरायचं ते ठाऊक नसतं. मी एका कागदावर काही प्रश्न काढते: आगगाडीत बसलायस का, म्हैस पिळलीयस का, समुद्र पाहिलायस का, कोपीत (ऊसतोड कामगारांच्या झोपडीत) झोपलायस का, कोल्हापूर-सांगलीला गेलायस का. प्रत्येकाने वर्गभर फिरून ‘हॅव यू एव्हर...’ असं विचारायचं आणि ‘हो’ म्हणणाऱ्याचं नाव लिहायचं. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मुलं कधी सोबत जातात, कधी हंगामी वसतिगृहात राहतात. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी अशीच एक मुलगी होती. त्या तासाला अर्धा वर्ग तिच्याभोवती जमला, कारण कागदावरच्या निम्म्या प्रश्नांना ‘येस’ म्हणणारी ती एकटीच होती. पहिल्या नंबरच्या मुलाने परभणीपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, ‘आय हॅव गो सांगली, आय हॅव गो कराड.’ मी मध्ये बोलले नाही. मुलांनीच विचारलं, ‘व्हेन?’ आणि ती म्हणाली, ‘लास्ट इयर. आफ्टर दिवाली.’

मग मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: ‘आय हॅव बीन टू सांगली.’ ‘आय वेंट टू सांगली आफ्टर दिवाळी.’ कधी गेली ते कोणत्या वाक्यात कळतं? दुसऱ्यात. पहिल्यात काय कळतं? हिनं सांगली पाहिलीय, एवढंच. मराठीतही ‘पाहिलीय’ आणि ‘गेल्या साली गेले होते’ हा फरक आहेच. काळ-वेळ सांगितली की ‘हॅव’ सोडायचं, हा नियम वर्गानेच काढला, मी फक्त लिहून घेतला. ‘बीन टू’ आणि ‘गॉन टू’ यांतला फरकही लगेच दाखवता येतो: ‘शी हॅज गॉन टू सांगली’ म्हटलं तर ती आत्ता वर्गात बसलेली असूच शकत नाही.

एक पथ्य पाळा. ‘तू उसतोडीला जातेस ना, सांग बरं’ असं म्हणून कुणाला उभं करू नका. प्रश्न सगळ्यांना तेच असू द्यात. ज्याला सांगायचं तो सांगेल.

इन्डायरेक्ट स्पीच मी निरोपातून घेते. ‘सर म्हणाले की मी उद्या येणार नाही’, हे मराठीत बरोबर आहे, पण उद्या कोण येणार नाही? सर की निरोप आणणारा? आपल्याला संदर्भाने कळतं. इंग्रजीत ‘सर सेड दॅट आय वुड नॉट कम’ म्हटलं की दांडी निरोप आणणाऱ्याने मारली असा अर्थ होतो. एका मुलाला शेजारच्या वर्गात खरोखर निरोप घेऊन पाठवा, तिथल्या मुलांनी त्याला ‘हू? यू ऑर सर?’ असं विचारायचं. सर्वनाम का बदलतं ते दोन फेऱ्यांत कळतं. काळ का मागे सरकतो ते कळायला जास्त वेळ लागतो, कारण मराठी काळ तसाच ठेवते. तिथे सराव लागतोच.

पॅसिव्हसाठी बसस्टँडवरची पाटी पुरते: ‘थुंकणाऱ्यास दंड आकारला जाईल.’ आकारणार कोण? पाटीला ते सांगायची गरज वाटत नाही, म्हणूनच पॅसिव्ह. ‘रामा किल्ड रावणा’ उलटं करून देण्याने पॅसिव्ह उलटायला येतो, वापरायला येत नाही. तुलनेच्या रूपांसाठी पेपरातले मोंढ्याचे भाव आणायला सांगा: तूर, सोयाबीन, कापूस, कोणत्या बाजारात काय महाग, काय स्वस्त. शेतकऱ्याच्या पोराला ‘चीपर दॅन’ म्हणताना पोटातून बोलावंसं वाटतं.

अशा शिकवण्याला शास्त्राचा आधार आहे का, असं विचारणारे भेटतील. आपल्या शेजारच्या कर्नाटकातच भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून बंगळूर प्रकल्पात शाळकरी मुलांना वेळापत्रकं, नकाशे यांवरची कामं देऊन इंग्रजी शिकवलं, व्याकरणाचे धडे न घेता. मी त्यांच्याइतकी पुढे जात नाही. मुलांना शेवटी नियम हवा असतो, वहीत काहीतरी लिहिलेलं हवं असतं आणि आईबापांनाही ते दिसायला हवं असतं. पण आधी काम, हा क्रम त्यांचा घ्यावा.

चुकांचं काय करायचं, हा प्रश्न नव्या शिक्षकाला सगळ्यात जास्त छळतो. मूल बोलत असताना अडवू नका. ते म्हणालं, ‘माय फादर गो टू फील्ड’, तर तुम्ही सहज म्हणा, ‘ही गोज टू द फील्ड? ॲट व्हॉट टाइम?’ बरोबर रूप कानावर पडलं आणि गप्पाही तुटल्या नाहीत. ऐकलेल्या चुका वहीच्या मागच्या पानावर टिपा आणि शेवटच्या पाच मिनिटांत नाव न घेता दोन-तीन फळ्यावर लिहा, दुरुस्ती वर्गाला करू द्या. ‘गोज’मधला तो शेवटचा ‘एस’ सगळ्यात चिवट. १९७० च्या दशकातल्या अभ्यासांतही तो उशिरा येणाऱ्या रूपांमध्ये आढळला, अगदी वेगवेगळ्या मातृभाषांच्या मुलांमध्ये. तेव्हा त्यावरून वर्गाला बोलू नका आणि स्वतःलाही दोष देऊ नका. ‘डिड यू वेंट’ मात्र लवकर सुटतं, कारण त्यामागचं तर्कशास्त्र मुलांना पटतं: भूतकाळ एकदाच दाखवायचा, आणि तो ‘डिड’ने आधीच दाखवलाय.

शब्दक्रमाबद्दल एक गंमत सांगते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेची मुलं जपानी शिकली, तेव्हा खेड्यातल्या मुलांना जपानी कसं जमतं याचं लोकांना फार नवल वाटलं. त्यांच्या कष्टांचं मोल आहेच. पण व्याकरण बघाल तर जपानीतही क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, ‘वर’, ‘मध्ये’ यांसारखे शब्द नामानंतर येतात आणि आर्टिकल्स नाहीत. त्या मानाने इंग्रजी आपल्याला उलट्या अंगाने शिकावी लागते. ‘टेबल ऑन बुक इज’ लिहिणारं मूल मंद नसतं, ते मराठीतून विचार करत असतं. शब्दांच्या चिठ्ठ्या करून मुलांनाच एकेक चिठ्ठी धरून रांगेत उभं करा आणि क्रियापदाची चिठ्ठी धरलेल्या मुलाला रांगेच्या शेवटाकडून कर्त्याच्या लगेच नंतरच्या जागी पळायला लावा. आठवडाभरात चित्र बदलतं.

मुख्याध्यापक दारातून डोकावून ‘वर्गात फार आवाज आहे’ म्हणतील. त्यासाठी पाठ टाचणात त्या दिवसाचं रूप स्पष्ट लिहून ठेवा आणि शेवटची दहा मिनिटं शांत लेखनाला द्या. केंद्रप्रमुखांना दाखवायला वह्या राहतात, पालकांचंही समाधान होतं. दहावीला गाईडचा आग्रह होणारच. मी जानेवारीपासून कृतिपत्रिकेच्या (बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेच्या) धर्तीवर सराव घेते, त्याआधी नाही. सहा महिने वाक्यं वापरलेल्या मुलांना ‘डू ॲज डायरेक्टेड’ अवघड जात नाही.

या वाटेवर यायचं असेल तर कागदपत्रांचा हिशोब असा: पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. दोन्ही १५० गुणांचे, आणि दोन्हींत दुसऱ्या भाषेला ३० गुण. त्यातले काही प्रश्न भाषा कशी शिकवावी यावर असतात, ते सोडून देऊ नका. नववी-दहावीसाठी इंग्रजीची पदवी आणि बी.एड. पुढे अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. जागा निघेपर्यंत बरेच जण तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांपुरते पैसे) किंवा लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये शिकवतात. क्लासमध्ये पैसे मिळतात, पण तिथे तक्ताच विकला जातो. तासिका तत्त्वावर पैसे कमी आणि उशिरा मिळतात, पण वर्ग तुमच्या हातात असतो. घर चालवायचं ओझं अंगावर नसेल तर मी तासिकेची वाट सुचवेन, आणि पहिल्या वर्षी नववी मागून घ्या. दहावीचा ताण नसतो आणि मुलांना बोलायला तोंड फुटलेलं असतं.