निटिनॉलची तार विणायला घेताना

काचेच्या कापडात निटिनॉलची तार (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू; ताणलेली तार तापली की आखडते) विणून करंटने हलणारं पॅनेल करायचं असेल तर आधी फ्रेम. ओव्हनमध्ये तारेची दोन्ही टोकं आवळून धरणारी पोलादी फ्रेम. मागच्या खेपेला बाकी सगळं जय्यत होतं, फ्रेम तेवढी नव्हती. कापडात भरलेलं इपॉक्सी रेझिन 120 अंशांवर क्युअर व्हायला, म्हणजे घट्ट व्हायला ठेवलं. रेझिन अजून पातळच होतं, तेवढ्यात ताणून विणलेली, 70 अंशांना आखडणारी तार आखडून मोकळी झाली. पॅनेल सुरकुतलेलं निघालं, करंट दिला तर ढिम्म.

तार मागवताना नुसता व्यास सांगू नका, रूपांतराचं तापमान, म्हणजे ती किती अंशांना आखडते ते विचारा. मिश्रधातूत निकेलचे अणू 0.1 टक्क्याने इकडेतिकडे झाले तरी ते दहाएक अंशांनी सरकतं. 70 आणि 90 अंशांच्या तारा दिसायला सारख्याच, तेव्हा रिळावर चिठ्ठी लावा. मास्क, हातमोजे आलेच. काचेऐवजी कार्बनच्या कापडाच्या नादी लागू नका, त्यातून वीज वाहते, तार शॉर्ट होते.

तार धोट्यात भरायची नाही. धोट्यातल्या कांडीवरून धागा टोकाकडून सुटतो आणि दर वेढ्याला एक पीळ पडतो. सुताला तो चालतो, तारेचा मात्र फास होतो. रीळ फिरवतच तार सोडा. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत घेणार असाल तर तिला वेगळं रीळ, वेगळा ताण. काचेचा धागा बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) वरखाली वळत जातो, तार जवळपास सरळ राहते. म्हणजे ती कमी खपते, आणि काचेच्या ताण्यासोबत एकाच बीमवर (ताणा गुंडाळायच्या रुळावर) असली तर बघताबघता ढिली पडते.

कापड उतरवताना तार दोन्हीकडे वीतभर जास्त सोडा. का? फ्रेममध्ये धरायला! बोटभर ठेवलीत तर फ्रेम असून नसल्यासारखी. आणि फ्रेम जाड हवी. तापल्यावर 0.15 मिमीची एक तार अर्ध्या किलोच्या वर ओढते. पन्नास तारा म्हणजे पंचवीस-तीस किलो. ॲल्युमिनियमची पट्टी सरळ वाकेल.

करंटच्या जोडणीला साधं सोल्डर धरत नाही, क्रिंप करा, म्हणजे धातूची नळी चेपून जोडा. या जाडीच्या तारेचा रोध मीटरला 55 ओहमच्या आसपास. आधी मोजा, नंतर मोजा.

मग व्हॅक्यूम बॅग (हवा ओढून पॅनेल दाबून धरणारी पिशवी), तारेची टोकं टोचून फाटणार नाही असं बघा. बोल्ट आवळले? परत आवळा. मगच ओव्हन. पॅनेल पूर्ण गार होईपर्यंत फ्रेमला हात नको. करंट थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून, हळूहळू.