भामट्यांसाठी सजवलेला आभासी संगणक : या चुका टाळा

वीजबिल थकल्याची किंवा बँक खाते गोठवल्याची थाप मारून संगणकाचा ताबा मागणाऱ्या भामट्याला तासभर झुलवत ठेवायचे, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एखाद्या भोळ्या गृहस्थाचा बनावट संगणक उभा करणारे बहुतेक जण आपला सगळा वेळ वेषांतरावर घालवतात आणि स्वतःच्या खऱ्या संगणकाकडे जाणारी वाट मात्र उघडीच ठेवतात.

शेअर्ड फोल्डर, सामाईक क्लिपबोर्ड आणि ड्रॅग अँड ड्रॉप या तिन्ही सोयी बंद कराव्यात. खऱ्या संगणकावर कॉपी केलेला पासवर्ड आत पेस्ट करता येत असेल, तर तो समोरच्यालाही करता येतो. नॅट जोडणी (आभासी संगणकाला खऱ्या संगणकामार्फत इंटरनेट देणारी) ठेवली म्हणजे घर सुरक्षित झाले, ही समजूतही चुकीची आहे. आतला संगणक यजमान, म्हणजे तुमच्या खऱ्या, संगणकाशी बोलू शकतो आणि घरातील राउटरचे पानही उघडू शकतो. म्हणून खासगी काहीही नसलेला जुना संगणक वापरावा आणि त्याला वेगळ्या मोबाइलचे हॉटस्पॉट द्यावे. व्हीपीएन (आपला खरा इंटरनेट पत्ता लपवणारी सेवा) यजमान संगणकावर चालवावे, कारण आत चालवल्यास त्याचे चिन्ह टास्कबारवर दिसते. चित्रीकरणही बाहेरूनच करावे.

आता वेषांतराकडे वळू. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये उत्पादक म्हणून ‘इनोटेक’ आणि मॉडेल म्हणून ‘व्हर्च्युअलबॉक्स’ दिसते. ते व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणाऱ्या साधनाच्या सेटएक्स्ट्राडेटा आज्ञेने बदलता येते. आज्ञा देऊनही फरक पडला नाही, तर मशीन (म्हणजे आभासी संगणक) जुन्या बायोसऐवजी ईएफआय या नव्या सुरुवात-प्रणालीवर चालते का, हे आधी पाहावे. विंडोज ११ साठी मशीन सहसा तशीच बनते आणि तिथे आज्ञेच्या मार्गात ‘पीसीबायोस’ऐवजी ‘ईएफआय’ लिहावे लागते. अनुक्रमांक केवळ अंकी असेल, तर त्यापूर्वी ‘स्ट्रिंग:’ हा शब्द जोडावा, नाहीतर मशीन सुरूच होत नाही. स्थिती जतन करून ठेवलेली मशीन पुन्हा उघडून बदल तपासण्यात अर्थ नाही, ती पूर्ण बंद करून चालू करावी. ०८:००:२७ ने सुरू होणारा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि ‘व्हीबॉक्स हार्डडिस्क’ हे डिस्कचे नावही बदलावे. गेस्ट अॅडिशन्स (आभासी संगणकाच्या आत बसवायची व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधने) बसवूच नयेत. ५० जीबीची डिस्क संशय निर्माण करते; गरजेप्रमाणे वाढणारी ४६५ जीबीची डिस्क द्यावी, ती प्रत्यक्षात वापरली तेवढीच जागा घेते.

तरीही भामट्याला खरा संशय येतो तो रिकाम्या डेस्कटॉपमुळे. समजा, वेष कर्नाटकातील खानापूरच्या निवृत्त गुरुजींचा आहे; त्यांच्या संगणकावर हेस्कॉम या तिथल्या वीज कंपनीच्या बिलाची पावती, नातवाच्या वाढदिवसाचे फोटो आणि अर्धवट लिहिलेले मराठी पत्र असावे. जमिनीचा कागद ठेवायचा असेल तर सातबारा ठेवू नये, आपल्याकडे कर्नाटकात त्याच्या जागी कन्नडमधील आरटीसी हा जमिनीचा उतारा असतो. एवढा बारकावा दूरच्या राज्यातल्या भामट्याच्या लक्षातही येणार नाही असे कुणी म्हणेल, पण कर्नाटकातलाच निघाला तर पहिल्याच मिनिटाला पकडेल. हे सगळे कागद बनावटच हवेत. मी हौसेने आमच्याच शेताची आरटीसी आत टाकली होती आणि समोरचा माणूस ती उघडून सर्व्हे नंबर वाचू लागल्यावर मला घाईने नेट तोडावे लागले.

उलट त्याच्याच संगणकात शिरण्याचा मोह मात्र टाळावा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेल्या अनधिकृत प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ज्याच्या संगणकात शिरलात तो भामटा होता म्हणून कायदा सवलत देत नाही. त्याने दिलेला यूपीआय आयडी, खाते क्रमांक आणि फोन नंबर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवावेत. प्रत्यक्ष पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करावा. ही सगळी माहिती यजमान संगणकावरील वहीत आधी उतरवून घ्यावी आणि मगच मशीन स्वच्छ स्नॅपशॉटवर (आधी जतन केलेल्या अवस्थेवर) परत न्यावी, कारण एकदा मागे गेल्यावर आतले काहीच उरत नाही.