ग्लोबल आणि व्हीआरएफ टेबलांमध्ये रूट देताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातल्या पतसंस्था आणि उद्यमबागेतल्या लहान कारखान्यांच्या नेटवर्कची कामे करताना एकच तक्रार माझ्या कानावर पुन्हा पुन्हा येते: व्हीआरएफ वेगळा केला, त्यात रूटही टाकला, तरी इंटरनेट चालत नाही. एकाच राउटरमध्ये अनेक स्वतंत्र राउटिंग टेबले (कुठे जायला कोणती वाट, म्हणजे रूट, याच्या याद्या) ठेवता यावीत आणि एकातले रूट दुसऱ्याला दिसू नयेत, यासाठीच व्हीआरएफ असतो. म्हणून ग्लोबल टेबल (कोणत्याही व्हीआरएफमध्ये नसलेले राउटरचे मूळ टेबल) आणि व्हीआरएफ यांच्यात रूट द्यायचा म्हणजे आपणच बांधलेल्या भिंतीला दार पाडायचे असते, आणि ते किती रुंद असावे हे आधी ठरवावे लागते. बहुतेक नवखे हे ठरवतच नाहीत. कुठल्यातरी व्हिडिओतली कमांड उतरवून घेतात आणि पिंग लागतो का ते बघतात.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी आणि मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे परतीचा रूट न देणे. सिस्कोच्या राउटरवर व्हीआरएफमध्ये डीफॉल्ट रूट (दुसरी वाट नसलेल्या सगळ्या पॅकेटांसाठीचा) लिहून शेवटी ‘ग्लोबल’ हा शब्द जोडला, की त्या रूटचा नेक्स्ट हॉप (वाटेतले पुढचे यंत्र) ग्लोबल टेबलात शोधला जातो आणि पॅकेट बाहेर पडते. येथपर्यंत सगळ्यांना जमते. पण उत्तर घेऊन येणारे पॅकेट ग्लोबल टेबलातल्या इंटरफेसवर उतरते, आणि त्या टेबलाला शाखेच्या नेटवर्कची काहीच माहिती नसते. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलते, पण जायचा आणि यायचा रस्ता एकच राहतो. राउटरमध्ये मात्र जायची वाट एका टेबलात लिहावी लागते आणि यायची दुसऱ्या टेबलात.

मागच्या पावसाळ्यात संकेश्वरकडच्या एका पतसंस्थेच्या शाखेचे काम आमच्याकडच्या एका नव्या मुलाने केले होते. शाखेचे संगणक १०.४०.१२.०/२४ मध्ये, वेगळ्या व्हीआरएफमध्ये होते. इंटरनेटची फायरवॉल मुख्य कार्यालयात, ग्लोबल टेबलाच्या बाजूला होती. संध्याकाळी त्याचा फोन आला, “सर, रूट टाकलाय की, टेबलात दिसतोय बी, पण पान उघडेना.” मी विचारले, “परतीचा कुठे आहे?” त्यावर तो म्हणाला, “खानापूरला तर एकाच रूटवर चाललं होतं की, सर.”

खानापूरचे काम एका रूटवर चालले होते हे खरे, पण तेथे पत्ता बदलण्याचे काम, म्हणजे नॅट, त्याच राउटरवर होत होते. नॅटच्या ओळीत व्हीआरएफचे नाव दिले असेल, तर परत आलेले पॅकेट कोणत्या व्हीआरएफमधून निघाले होते हे नॅटच्या नोंदीतच असते, आणि राउटर ते त्याच्या जागी नेऊन सोडतो. म्हणून तेथे परतीचा रूट लागत नाही. संकेश्वरच्या कामात नॅट फायरवॉलवर होते. मी फायरवॉलमागच्या लॅपटॉपवरून १०.४०.१२.२५ ला ट्रेसरूट (पॅकेट कोणकोणत्या यंत्रांतून जाते ते दाखवणारी कमांड) लावून दाखवला: फायरवॉल, राउटर, फायरवॉल, राउटर, असे दोनच पत्ते आळीपाळीने तीस ओळींपर्यंत येत राहिले. फायरवॉल पॅकेट राउटरकडे देत होती, आणि राउटरला १०.४०.१२.० ठाऊक नसल्याने तो ते आपल्या डीफॉल्ट रूटने पुन्हा फायरवॉलकडे ढकलत होता.

यावर उपाय एका ओळीचा आहे: ग्लोबल टेबलात शाखेच्या नेटवर्कचा स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट द्यावा, त्यात व्हीआरएफमधल्या इंटरफेसचे नाव लिहावे आणि त्याच्यापुढे नेक्स्ट हॉपचा पत्ताही लिहावा. इथरनेटवर नुसते इंटरफेसचे नाव देऊन भागवणारे पुष्कळ आहेत. मग राउटर प्रत्येक पत्त्यासाठी थेट एआरपी (हा आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा, ही विचारणा) विचारत बसतो, आणि पलीकडच्या यंत्राने प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने उत्तर) दिला नाही तर सगळे ठप्प होते. माझी सवय अशी आहे की परतीचा रूट मी आधी लिहितो आणि जाण्याचा नंतर. यामागे काही शास्त्र नाही. जाण्याचा रूट आधी लिहिला की माणूस समाधानाने चहा प्यायला जातो, एवढेच माझे निरीक्षण आहे.

त्या मुलाने परतीचा रूट टाकला खरा, पण पुढच्या शाखांचेही काम आताच उरकावे म्हणून थेट १०.४०.०.०/१६ हा मोठा पट्टा लिहिला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जी नेटवर्के अजून अस्तित्वातच नव्हती, त्यांच्याकडे जाणारे पॅकेट राउटर शाखेच्या स्विचकडे पाठवी, स्विच ते डीफॉल्टने पुन्हा व्हीआरएफमध्ये आणी, तेथून ते फायरवॉलकडे जाई आणि फायरवॉल ते परत राउटरला देई. टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांची मोजणी) संपेपर्यंत ही प्रदक्षिणा चाले, आणि एखाद्या संगणकाने सगळी पत्तामाला चाळायला घेतली की लाइन भरून जाई. आहेत तेवढेच /२४ द्यावेत. मोठा पट्टा देणे भागच असेल, तर ज्या स्विचकडे तो पट्टा वळवला आहे त्याच्यावर त्याच /१६ चा नल झिरो रूट टाकावा, म्हणजे बेवारस पॅकेट तेथेच संपते.

बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलच्या मार्गाने ग्लोबलमधले रूट व्हीआरएफमध्ये आणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इम्पोर्ट मॅप (कोणते रूट आणायचे ते ठरवणारी गाळणी) फक्त बीजीपीच्या टेबलातले रूट उचलतो, त्यामुळे ओएसपीएफ या दुसऱ्या प्रोटोकॉलने शिकलेला रूट राउटिंग टेबलात दिसत असला तरी तो बीजीपीत घातल्याशिवाय येत नाही. आणि सिस्कोवर ही आयात मुळात १,००० प्रीफिक्सपुरती मर्यादित असते. तसेच एका व्हीआरएफने आयात केलेला रूट तो व्हीआरएफ पुढे तिसऱ्याला देत नाही. तिसऱ्याला हवा असेल, तर त्याने मूळ व्हीआरएफकडूनच घ्यावा.

ज्युनिपरच्या राउटरवर रिब ग्रुप (एका टेबलातले रूट दुसऱ्यातही घालणारी टेबलांची यादी) लिहिताना मूळ टेबलाचे नाव पहिले यावे लागते. क्रम उलटला की काम होत नाही.

साधा पिंग ग्लोबल टेबलातून जातो, व्हीआरएफचे नाव दिल्याशिवाय तो व्हीआरएफची परीक्षा घेत नाही. हे दर महिन्याला कोणालातरी सांगावे लागते.

दोन शाखांत सीसीटीव्ही बसवणाऱ्याने १९२.१६८.१.०/२४ हाच पट्टा ठेवला असेल, तर वेगवेगळ्या व्हीआरएफमध्ये दोन्ही सुखाने नांदतात, पण ग्लोबलमध्ये आणताच एकमेकांवर आदळतात. तेथे रूट देण्याचा हट्ट न धरता पत्ते बदलावेत. सगळेच रूट सरसकट इकडचे तिकडे करणाऱ्याने मुळात व्हीआरएफ कशाला केला, हा माझा जुना प्रश्न आहे.

शेवटची चूक माझी स्वतःची. इंटरफेस व्हीआरएफमध्ये घातला की सिस्कोचा राउटर त्याच्यावरचा आयपी पत्ता काढून टाकतो, आणि आपण त्याच इंटरफेसवरून दूरस्थ जोडलेले असलो तर तेथेच हात तुटतात. अशा एका ओळीपायी मी भर पावसात खानापूरपर्यंत जाऊन कन्सोलची केबल लावली आहे. तेव्हापासून असे काम करण्याआधी मी रीलोडला दहा मिनिटांची वेळ लावून ठेवतो, म्हणजे जोडणी तुटली तरी राउटर जुन्या सेव्ह केलेल्या मांडणीवर परत येतो. काम नीट झाले की तो रीलोड आठवणीने रद्द करावा. मी एकदा तो विसरलो होतो, आणि नेमके सेव्ह करायचेही राहिले होते.