गिटमध्ये न येणारी फाईल

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवण्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहीत होतो आणि तो गिटमध्ये, म्हणजे फाईलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवायला नुकताच शिकलो होतो. ‘गिट ॲड’पुढे टिंब देऊन सगळ्या फाईली घेतल्या आणि कमिट केले, म्हणजे ती नोंद पक्की केली, परंतु धाकट्या भावाने आपल्या संगणकावर प्रत उतरवली, तेव्हा ‘दर.सीएसव्ही’ ही फाईल आणि ‘पावत्या’ हा फोल्डर, दोन्ही गायब होते. कोणतीही चूक पडद्यावर दिसली नव्हती, हेच मला अधिक खटकले.

शेवटी ‘गिट चेक-इग्नोअर -व्ही’ या आज्ञेपुढे फाईलचे नाव दिले, तेव्हा ‘.गिटइग्नोअर’ या, गिटने काय वगळायचे ते सांगणाऱ्या फाईलमधील चौथी ओळ समोर आली. मी कुठून तरी आयता उचललेल्या त्या यादीत सर्व सीएसव्ही फाईली वगळण्याचा नियम होता. टिंबाने केलेली ॲड अशा फाईली निमूटपणे सोडून देते. नाव घेऊन ॲड केली असती, तर गिटने तिथेच हटकले असते. त्या ओळीखाली अपवाद म्हणून उद्गारचिन्ह लावून ‘दर.सीएसव्ही’ लिहिले, पुन्हा ॲड केले आणि फाईल आली.

फोल्डर मात्र मुळात रिकामा होता, आणि गिट फोल्डरची नव्हे, फाईलींचीच नोंद ठेवते. म्हणून त्यात ‘.गिटकीप’ नावाची रिकामी फाईल टाकली. हे नाव केवळ प्रघाताचे आहे, दुसरे कोणतेही चालते.